उलटण्यासाठी घेतलेली होडी

दि. २ मार्च

ति. ताईस,
बोक्याचा सा. न. वि. वि.

खांदा कसा आहे हे तू एकाच पत्रात तीन वेळा विचारलंयस, म्हणून आधी तेच सांगतो. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि चेहरा असा केला की मला त्यांचीच काळजी वाटली. हिवाळ्याआधी ऑपरेशन. त्यानंतर हा हात शर्ट घालायला आणि लोकांना निरोप द्यायला पुरेल, जास्त अपेक्षा ठेवू नका म्हणाले. चौतीस वर्षं अडकलेल्या लिफ्ट वाकून वाकून दुरुस्त केल्या, त्याचं हे बक्षीस.

म्हणजे माझ्या हातात हा एकच हंगाम आहे आणि तो मी समुद्रात घालवणार आहे. लगेच कपाळाला हात लावू नकोस, पुढचं वाच. आमच्या क्लबातल्या पोहण्याच्या बाई दर सप्टेंबरात दहा-बारा जणांना कायाकमधून समोरच्या बेटाला वळसा घालून आणतात. कायाक म्हणजे ती लांबोडकी, वरून झाकलेली होडी, मधल्या भोकात एक माणूस. अट एकच. होडी पालथी झाली तर बाहेर न पडता, वल्ह्याच्या जोरावर आतल्या आत परत सरळ व्हायचं. बाई हे ग्रीनलंडच्या जुन्या शिकाऱ्यांच्या पद्धतीनं शिकवतात. त्यात हात फार वर न्यावा लागत नाही. पाठ मागे टाकून पाण्यातून सरपटत वर यायचं. माझ्या खांद्याला झेपेल असं एवढंच उरलंय.

दुकानात गेलो तर विक्रेत्यानं रुंद, उंच पाठीची, गादी लावलेली होडी दाखवली. आपला बैठकीतला सोफाच. ही कधीच उलटत नाही म्हणाला. मी म्हटलं, मला उलटणारी हवी आहे. त्यानं मालकाला बोलावून आणलं. बाईंचं म्हणणं असं की मागची बाजू इतकी बुटकी हवी की तिच्यावर पाठ टेकून आडवं होता यावं, भोक लहान हवं आणि मांड्या वरच्या बाजूला घट्ट टेकायला हव्यात. सैल होडी वर येत नाही, तिच्यातला माणूसही येत नाही. म्हणून एका सुताराकडून लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली होडी बांधून घेतोय. तो अंगाच्या मापानं बांधतो आणि चांगल्या शिंप्याकडूनच मापं आणा म्हणाला. गेल्या हिवाळ्यात कोट शिवलास तेव्हाची माझी मापं तुझ्या वहीत आहेत. त्याचा पत्ता आणि काय काय हवं ते सोबत लिहिलंय. त्याला परस्पर कळव.

लोभ असू दे, सल्ले आवरते घे.
तुझा,
बोका

दि. ११ मार्च

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं, पाणी प्यायले, परत वाचलं. मजकूर तोच निघाला.

डोक्यावरून पाणी घेताना ओरडून शेजारी गोळा करणारा मुलगा साठाव्या वर्षी समुद्रात उलटा लटकणार, हे ऐकायला आई नाही ते एका परीनं बरंच. सारं जग न उलटणारी होडी शोधतं. तू दुकानात जाऊन तिच्यात खोट काढतोस. त्या मालकाला माझा नमस्कार सांग, माणूस सोशिक दिसतो.

शाळा उघडायच्या आत एकशेवीस गणवेश द्यायचे आहेत. मशीनची वादी दोनदा तुटली. त्यातून वेळ काढून तुझ्या सुताराला मापं पाठवली आहेत. त्याचं उलट पत्र आलं की एक आकडा जरा जास्त वाटतो, बरोबर आहे ना. मी कळवलं की मी पन्नास वर्षं कपडे बेततेय आणि आजवर एकही गिऱ्हाईक गुदमरलेलं नाही. त्यानं लाकूड कापायला घेतल्याचं कळवलं.

तुला जाऊ नकोस म्हटलं तर तू दोन दिवस आधीच जाशील, म्हणून म्हणत नाही. पण मला भीती वाटते, हे लिहून ठेवते. तुझ्याशिवाय मला आता कोण आहे?

जपून राहा आणि पत्र वेळेवर टाक.
तुझी,
ताई

दि. २० जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

होडी येऊन तीन आठवडे झाले. इतकी देखणी आहे की पहिल्या दिवशी मी तिला पाण्यात न नेता नुसता तिच्याभोवती फिरलो. मग आत बसलो तर कमरेच्या दोन्ही बाजूंना जागा, मांड्या वर कुठेच टेकेनात. मी बाईंना म्हटलं, मी बारीक झालोय. काय सांगू, आनंद झाला. घरी येताना कमी मापाचा पट्टा घेतला आणि रात्री त्याच आनंदात दुप्पट जेवलो. पट्टा अजून लागत नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती.

नंतरचं काही विनोदी नाही. एकवीस वेळा उलटलो, एकवीस वेळा बाईंनी ओढून वर काढलं. मी पाठ मागे टाकतो तर मागची कड कण्यात रुतते. मी वळतो, होडी वळत नाही. गेल्या रविवारी पालथा असताना एक गुडघा सुटला, मी अर्धा बाहेर घसरलो आणि दुसरा पाय आत अडकला. वर जाता येईना, बाहेरही पडता येईना. बाई कपड्यांसकट पाण्यात उतरल्या. किनाऱ्यावर मी बराच वेळ खोकत होतो.

लिफ्ट अडकली की मी दोष यंत्रात शोधायचो, आत अडकलेल्या माणसात नाही. इथे सुतार चांगला, बाई चांगल्या, मापं तुझी. उरलो मी. तेव्हा बाईंना माझं नाव काढून टाकायला सांगितलंय. त्या महिनाअखेर यादी पक्की करतील. होडी सुताराकडे ठेवून आलो. तुझी भीती संपली, आता खूश हो.

बाकी ठीक.
बोका

दि. २४ जून

चि. बोक्यास,
अ. आ. वि. वि.

खूश झाले नाही. दोन दिवस मशीनला हात लावलेला नाही.

दोष तुझ्यात नाही, माझ्यात आहे. शाळेचा गणवेश मी कधी अंगाबरोबर बेतत नाही. पोर वाढणार, कापड आटणार, म्हणून कमरेला दोन बोटं, बाह्यांना दोन बोटं जास्त. तुझे कपडे मी तू दहा वर्षांचा असल्यापासून तसेच शिवत आलेय. वहीतलं माप मी आजवर कुणाला जसंच्या तसं दिलेलं नाही. तुझ्या सुतारालाही नाही.

इथवर सवय म्हणून सोडून देता येईल. पण होडीची मागची बाजू चार बोटं उंच ठेवा, हे मी मुद्दाम लिहिलं. त्याच आकड्याबद्दल त्यानं विचारलं होतं. मला वाटलं, तू मागे रेलून नीट बसशील, पाणी लांब राहील. घट्ट होडीत माझा भाऊ अडकेल, सैल असली तर निसटून येईल, असा मी हिशेब केला. आणि तू अडकलास तो सैल होडीत. पत्रात तो पाय अडकल्याची ओळ आहे ना, तिच्यापुढे मला अजून नीट वाचता येत नाही.

यादीतून नाव काढू देऊ नकोस. हवं तर माझ्याशी बोलू नकोस, पण बाईंशी आजच्या आज बोल.

रागावून का होईना, लिही.
ताई

दि. २९ जून

ति. ताईस,
न. वि. वि. (साष्टांग या वेळी वगळला आहे, समजून घे.)

तुझं पत्र वाचून मी आधी कपाटातले सगळे शर्ट बाहेर काढले. पन्नास वर्षं मी स्वतःला अंगानं किरकोळ समजत आलोय. ऑफिसात सगळे म्हणायचे, काही खात जा. आणि मी खात गेलो! याचा जाब कोणाला विचारायचा?

मग राग आला. चांगला सणसणीत आला, तो पुलापर्यंत चालत जाऊन येईतो टिकला. मला बुडण्याचं दुःख नाही. तू मला न विचारता माझं ठरवलंस, त्याचं आहे. तू नेहमीच ठरवतेस आणि मी नेहमीच घालतो.

आता कामाचं. सुतार म्हणतो, कापड काढून मागच्या आडव्या पट्ट्या खाली घेता येतील, कमरेपाशी आणि मांड्यांवर ठोकळे बसवता येतील. अडचण कापडाची. ते सांगाड्यावर ओढून हातानं शिवावं लागतं आणि त्याच्याकडे शिवणारा माणूस ऑक्टोबरपर्यंत मोकळा नाही. बाईंनी माझं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. तेव्हा राहिलेले गणवेश संपले की सुया घेऊन ये. मापं इथे, माझ्या अंगावर घे. मी पोट आत ओढणार नाही, तू एक बोटही वाढवायचं नाहीस.

ये, मग बाकीचं भांडू.
तुझा,
बोका

दि. ९ ऑगस्ट

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. बोटांच्या टोकांना अजून पट्ट्या आहेत. इतकं जाड कापड आणि इतकं ताणून मी कधी शिवलं नव्हतं. शेवटचा टाका घातल्यावर सुतारानं टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, बरं आहे. त्याच्या बायकोनं नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की हे त्याचं कौतुक होतं.

एक गोष्ट समोर सांगायचा धीर झाला नाही. होडी पाण्यात नेली त्या सकाळी तू पाठ टेकलीस, वल्हं कुशीत घेतलंस आणि पालथा झालास. त्याच क्षणी माझे डोळे मिटले. मी मिटले नाहीत, आपले आपण मिटले. टाळ्या वाजल्या तेव्हा उघडले, तर तू वर होतास, नाकातून पाणी गळत होतं आणि तोंडभर हसत होतास. तू विचारलंस कसं दिसलं, मी छान म्हणाले. सुताराच्या घरी चहाला तर मी सगळं साग्रसंगीत वर्णन केलं. बाई माझ्याकडे बघत होत्या, त्यांना कळलं असावं.

मला काहीही दिसलेलं नाही, बोक्या. एवढा लांबचा प्रवास करून, आठ दिवस शिवून, तू वर आलास तेवढंच मी चुकवलं.

सप्टेंबरात तुम्ही बेटाकडे निघाल त्याच्या आदल्या दिवशीचं तिकीट काढलंय. निघण्याआधी किनाऱ्याजवळ एकदा माझ्यासाठी उलट. डोळे उघडे ठेवायचं मी ठरवलंय. आणि नाहीच जमलं, तर तुला आणखी एकदा उलटावं लागेल.

तुझी,
ताई