सोन्यावरचा अंगठा

मंगळ, १ फेब्रु. १९९४
प्रिझम बसला! अप्पांनी वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या जुन्या चष्म्याच्या कारखान्यात जाऊन घासून दिला. रिटायर होऊन चार वर्षं झाली, हात तसाच. आज लॅबमध्ये येऊन स्वतःच बसवला, वर सोन्याचा थर दिलेली काचही. शिपायाला सांगत होते, "आमच्या नीलूचं यंत्र." मी लाजले, पण बरं वाटलं.

शुक्रवारी सरांना दाखवायचं. रंग न घालता, सोन्यावर चिकटलेलं प्रथिन नुसत्या लेसरच्या उजेडात दिसायला हवं. नाहीतर टेबल दुसऱ्या प्रोजेक्टला. दोन वर्षं पाण्यात.

बुध, २
कोरं सोनं पडद्यावर काळं दिसतं. काही चिकटलं की तेवढंच उजळतं. आज प्रथिन घालायच्या आधीच मधोमध उजेड! सर मागे उभे. "अजून काही घातलंच नाही ना? मग दिसतंय काय?" डोंबिवलीला येईपर्यंत डोकं बंद.

गुरु, ३
फोकस नीट केला. उजेडात बारीक गोल रेषा, त्यांना कापत जाणारी एक तिरकी फट. चटकन ओळखली. अप्पांचा अंगठा! घासायच्या चाकावर कापला होता, मी शाळेत असताना.

घरी येऊन भडकलेच. "सोन्याला हात लावलात?"

"अगं, काच बसली का ते अंगठ्याने दाबूनच कळतं. मग पुसतो मी. तूच म्हणालीस, पुसू नका, सोनं निघेल."

म्हणाले होते खरी.

जेवताना ट्यूब पेटली. डोळ्यांना ती काच लख्ख दिसत होती. माझ्या यंत्राने घामाचा एवढासा थर पकडला, व्रणासकट! अप्पांना दोनदा भात वाढला. सॉरी मात्र अजून म्हटलेलं नाही.

शुक्र, ४
नवी काच, कडेला धरून मीच बसवली. प्रथिनाची पट्टी आली, ढळढळीत! सरांनी खुर्ची ओढून पडद्याजवळ घेतली. मग, "परवाचं काय होतं?" पडद्यावरून काढलेला अंगठ्याचा फोटो दाखवला. खो खो हसले. "सोमवारी कमिटी येतेय. काम चालू ठेवायचं की नाही ते तेच ठरवणार. दोन्ही दाखवा. आणि वडिलांना घेऊन या."

आज मी कुणाचं ऐकणार नाही. माझं यंत्र चालतं!

शनि, ५
अप्पांना सांगितलं. सॉरीपण. ते आपले अंगठ्याकडेच बघत बसले. "एवढ्या शिकलेल्या माणसांपुढे हा दाखवायचा?"

कमिटी काय म्हणेल, देव जाणे. अप्पांनी शर्ट आजच इस्त्रीला दिलाय.