‘नीट बस’च्या शेपटाविषयी

ती. दादा,

साष्टांग नमस्कार घालायला घरात जमीन शिल्लक नाही. चारही भिंतींना खुर्च्या लागल्या आहेत, तेव्हा ज्या कोपऱ्यात उभा आहे तिथूनच मान लववतो, गोड मानून घ्या. तुमच्या डोळ्यावरची पट्टी निघाली असेल आणि हे पत्र तुम्ही स्वतःच वाचत असाल असं धरून चालतो. (निघाली नसेल आणि वहिनी वाचून दाखवत असतील तर वहिनी, पुढे पत्रात एक गादीवाला येईल, तिथे आवाज जरा खाली घ्या.) खरं म्हणजे फोनच करणार होतो, पण आमच्याकडे बाहेरच्या खोलीत फोनवर बोललेलं तुमच्या बहिणीला स्वयंपाकघरात जास्त स्पष्ट ऐकू येतं. प्रकृती म्हणाल तर तिची उत्तम. माझी अशी, की घरात इतक्या खुर्च्या असून मला एकीवरही बसवत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठलो, खिडकी उघडली, लावली.

तुम्हाला ठाऊकच आहे, विमा कंपनीच्या तक्रार विभागात तुमची बहीण वर्षानुवर्षं कानाला हेडफोन लावून बसली आणि त्या बसण्यानं तिची पाठ धरली. एकदा जेवण झाल्यावर मी तिला स्वाभिमानावर चार शब्द ऐकवले. “वाकलेली पाठ ही गुलामीची पहिली सही आहे!” असं म्हणालो. (वाक्य चांगलं आहे. पूर्वी दोन संमेलनांत टाळ्या घेतल्या आहेत त्यानं.) भाषणाचा उत्तरार्ध दुसऱ्या दिवशी करायचा होता, पण दुसऱ्या दिवशी ती राजीनामा देऊनच घरी आली. दादा, उभा जन्म मी व्यासपीठावर घसा फोडतोय; माझं ऐकून कुणी खरोखर काही करण्याची ही पहिलीच वेळ. मी हादरलो. चेहऱ्यावर मात्र दिसू दिलं नाही.

तिचा बेत साधा होता. एक वेबसाइट काढायची. खुर्च्या मागवायच्या, एकेकीवर आठवडाभर बसायचं आणि पाठ काय म्हणाली ते खरं खरं लिहायचं. वाचणाऱ्याला पटलं आणि आमच्या पानावरून दुकानात जाऊन त्यानं खुर्ची घेतली, की दुकानदार त्यातला वाटा आम्हाला देणार. याला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. मी दलाली म्हणालो. ती म्हणाली, “तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं लोकांना सांगत फिरलात आणि मानधन घेतलंत, ते काय होतं?” मी पंखा जरा कमी केला आणि विषय बदलला. वेबसाइटचं नाव तिनंच ठेवलं, ‘नीट बस’. मी येरझाऱ्या घालू लागलो की ती दिवसभर हेच म्हणते, त्यामुळे नाव शोधायला वेळ लागला नाही.

वेळ लागला तो शेपटाला. वेबसाइट बांधून देणारे एक पोक्त गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना मिस्त्री म्हणतो. ते म्हणाले, नावापुढे शेपूट लागतं. डॉट कॉम अजून मोकळं आहे, आजच घेऊन टाका, लोकांची बोटं सवयीनं तिकडेच वळतात. एवढंच म्हणून ते थांबले असते तर आज मी तुम्हाला खुशालीचं पत्र लिहीत असतो. पण चहा यायचा होता, आणि त्यांनी मला कॉम म्हणजे काय ते सांगितलं. कॉम म्हणजे व्यापार! दादा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, आपण सत्य सांगायला निघालो आणि कपाळावर ‘दुकान’ लिहायचं? मला डॉट ऑर्ग हवं. मिस्त्री म्हणाले, घ्या, कुणी अडवणार नाही; पण लोकांना वाटेल सेवाभावी संस्था आहे आणि आत गेल्यावर दिसेल ‘खुर्ची येथे घ्या’. मी म्हटलं, लोकांचा गैरसमज मी दूर करीन. तुमची बहीण म्हणाली, “म्हणजे प्रत्येकाच्या घरी जाऊन भाषण?”

मग डॉट नेट निघालं. नेट म्हणजे जाळं. आम्ही काय मासे धरायला बसलोय? नामंजूर. डॉट इन्फो म्हणजे चौकशीची खिडकी, आणि खिडकीपलीकडचा माणूस नेहमी जेवायला गेलेला असतो. डॉट शॉप प्रामाणिक होतं. पण सत्याच्या बाजूनं असणं वेगळं आणि सत्यानं असं अंगावर येणं वेगळं. एक शेपूट फारच स्वस्त होतं. मिस्त्री म्हणाले, पहिल्या वर्षीच स्वस्त असतं, पुढं कंबर मोडतं. शिवाय फसवणूक करणारे तेच घेतात म्हणून लोक बिचकतात. बेटांनासुद्धा आपापलं शेपूट असतं म्हणे; शेवटी त्यांनी एका चिमुकल्या बेटाचं दाखवलं, दिसायला सुरेख, दोनच अक्षरं. ज्या बेटावर आपण पाऊल ठेवलं नाही, तिथल्या माणसाला पाणी पाजलं नाही, त्याचं नाव आपल्या खुर्च्यांना लावायचं? ही वसाहतवाद्यांची रीत झाली! यावर मी किती बोललो ते आठवत नाही. थांबलो तेव्हा मिस्त्री गेले होते. तुमची बहीण एका खुर्चीची पाठ पुढेमागे करून बघत होती. म्हणाली, “कुठलंही लावा, पण एकदाचं लावा. नाव नसलेल्या दुकानात कोण येणार?”

आता चूक सांगतो. माझा एक नियम आहे : शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचल्याशिवाय खरा मानायचा नाही. त्या आठवड्यात वाचनालयात ‘वाचन आणि माणूस’ यावर माझं व्याख्यान होतं. बोलता बोलता मी शेपटाचा प्रश्न सभेपुढे ठेवला. एकेक शेपूट खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं, हात वर करायला लावले. आणि शेवटी (काय अवदसा आठवली देव जाणे) मूठ वर करून गरजलो, “‘नीट बस डॉट कॉम’ या घटकेला मोकळं आहे! कोणीही जाऊन घेऊ शकतो! मी त्याला हात लावणार नाही!” टाळ्यांचा कडकडाट. एक गृहस्थ तर पुढे येऊन पाया पडले. म्हणाले, “साहेब, आज डोळे उघडले.” मी त्यांना उठवून छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींचा फोन. डॉट कॉम गेलं. डोळे उघडलेले ते गृहस्थ गाद्यांचे व्यापारी निघाले.

तुमची बहीण ओरडली असती तर परवडलं असतं. ती तक्रार विभागातल्या आवाजात म्हणाली, “आपली तक्रार आमच्यापर्यंत पोचली आहे. कृपया लाइनवर राहा,” आणि आत गेली. मी संध्याकाळपर्यंत लाइनवर होतो. जेवताना तिनं सांगितलं की जुन्या कचेरीतून बोलावणं आलंय, सोमवारपासून परत या म्हणतात, आणि वेबसाइट काही उभी राहत नाही तर जावंच म्हणते. तीच खुर्ची, तेच हेडफोन. दादा, मी ताटावरून उठलो, खिडकी उघडली, लावली.

मी गादीवाल्याकडे गेलो. भला माणूस, मला दुकानातल्या सगळ्यात जाड गादीवर बसवलं. (उठायला दोन नोकर लागले.) म्हणाला, शेपूट देतो, फुकट देतो, फक्त शनिवारी नव्या दुकानाच्या उद्घाटनाला या आणि आमच्या गाद्यांवर बोला. मी ताडकन नकार दिला. म्हटलं, ही वाणी विकाऊ नाही! आणि ताठ मानेनं बाहेर पडलो. माणसानं तत्त्वासाठी घर गमावावं, पण तत्त्व गमावू नये, हे मी आजवर सांगत आलो आणि यापुढेही सांगेन.

वहिनींना नमस्कार. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका.

तुमचा अस्वस्थ मेहुणा

ता. क. गादीवाल्याला नकार दिला हे खरं आहे, पण तो कोपऱ्यापर्यंतच टिकला. तिथून परत फिरलो. शनिवारी बोलतोय. विषय ‘गादी आणि माणूस’. हे तिला कळता कामा नये.

ता. क. २. पत्राचं खरं कारण. रविवारी तिला फोन करा आणि कचेरीत परत जाऊ नकोस म्हणून सांगा. मी सांगितलं तर भाषण होईल. तुमचं ती ऐकते.

ता. क. ३. दादा, मी लिहितेय. हे तिकीट आणायला गेलेत, म्हणजे आधी चप्पल शोधतायत. फोन करू नका. हे वाचनालयात व्याख्यानाला निघाले तेव्हाच मी मिस्त्रींना सांगून डॉट नेट घेतलं. पाटी लागलीय, लोक येतायत, दोन खुर्च्या गेल्यासुद्धा. कचेरीला मी केव्हाच नकार कळवलाय. यांना मुद्दामच सांगितलं नव्हतं, म्हटलं जरा लाइनवर राहू देत. गाद्यांचं मात्र आत्ताच वाचलं, दोनदा वाचलं. कॉम मिळालं तर तेही नेटकडे वळवून घेऊ. पण भाषण होऊ द्या. इतक्या वर्षांत यांचं एकही भाषण मी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, हे ऐकणार आहे. मागच्या रांगेत बसेन, आणि खुर्ची घरून नेईन. एक नवी आलीय, कंपनी म्हणते कितीही वेळ बसा, पाठीला कळणार नाही. पारखायला यापेक्षा चांगली संधी कुठली? पाकीट मीच चिकटवते.