मास्तरांची पेटी

३ मार्च, सोमवार

आज दुकानात मढं आलं! खरंच तसंच दिसत होतं. लांबलचक काळी पेटी दोन्ही हातांनी कवटाळून एक उंच माणूस पायरीवर उभा. म्हटलं, आत काय आहे ते आधी सांगा. म्हणे काही नाही, गिटारची पेटी आहे, गिटार घरी आहे. उघडली तर बुरशीचा भपकारा! आतली मखमल पांढरी पडलेली, एका कोपऱ्यात उंदरानं संसार थाटलेला. झाकणाच्या तीन खटक्यांपैकी दोन गंजून बसलेले, एक गायबच. मूठ लोंबकळतेय. मी तोंडावर सांगितलं, फेका ही आणि नवी घ्या.

तर म्हणाले, "अहो, बघा ना जमतंय का."

अहो!

सगळा बाजार मला मावशी म्हणतो. शाळेची उसवलेली दप्तरं शिवायला आणणारी पोरं मावशी, त्यांचे बापही मावशी. बावन्न वर्षांत अहो कुणी म्हटलं नव्हतं. ठेवून घेतली पेटी.

४ मार्च

समोरची इस्त्रीवाली म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. न विचारता सगळं कळलं. गिटार शिकवायचे, सगळे मास्तर म्हणतात. मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली. वीस तारखेला मुलाकडे निघालेत, कायमचे. दोन दिवसांचा गाडीचा प्रवास, म्हणून गिटारला पेटी हवी.

बरं आहे. जाईनात का. मला काय!

उंदराचं घर उचकटलं. आत तारांचे तुकडे, चिंध्या, आणि तार छेडायची एक नखी. नखी पुसून बाजूला ठेवली.

५ मार्च

पेटी दिवसभर उन्हात उघडी टाकली. खायचा सोडा भुरभुरला, ब्रशनं झाडला, परत भुरभुरला. वास हटत नाही. मी एवढी खपत नाही कुणासाठी. बाबांपासून आपल्या दुकानाचा शिरस्ता एकच – आज टाका, उद्या न्या. तिसरा दिवस लागला आणि मला काही वाटलं नाही.

मास्तर संध्याकाळी डोकावले. "अहो, कुठवर आलं?" म्हटलं, मधे मधे येऊ नका. गेले. मग वाटलं, एवढं खेकसायची काय गरज होती.

७ मार्च

मखमल फाडून काढली. खाली लाकूड ठणठणीत! असलं काम हल्ली कुणी करत नाही. व्हिनेगरचा बोळा फिरवून बुरशी पुसली, लाकूड सुकू दिलं. बाहेरचं रेक्झिन दोन जागी उकललेलं, तिथं सरस भरून वर इस्त्रीवालीच्या दोन इस्त्र्या ठेवल्या, वजनाला. ती ओरडत आली तिच्या इस्त्र्या न्यायला. मग हळूच विचारते, मास्तरांकडे पेटी शिकतेस म्हणे? मला आधी कळेना. बाजारभर झालंय की मी हार्मोनियम शिकतेय! मी म्हणाले होते मास्तरांची पेटी हातात घेतलीय, तर हिनं सूरच लावला. एवढी हसले की सरसाचा डबा सांडला.

८ मार्च

मास्तर आज कागदाच्या पुडीत शेंगदाणे घेऊन आले. शिवायच्या मशीनवर पुडी ठेवली, स्टूल ओढून बसले. हार्मोनियमची गंमत सांगितली त्यांना. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. माणूस हसताना खांदे हलवतो, आवाज येतच नाही.

नवी मखमल कुठल्या रंगाची घालू विचारलं. म्हणाले, तुम्ही म्हणाल ती. मी म्हणाले, डाळिंबी. म्हणाले, डाळिंबीच.

दप्तरवाल्या पोराची आई माझ्यावर उखडली, तिचं दप्तर कालच द्यायचं होतं. माझंच चुकलं. तिलाच चार शब्द सुनावले.

११ मार्च

वहिनीनं आज दुकानात डबा आणून दिला. नेमके मास्तर बसलेले. "अहो, ती कात्री द्या," म्हणाले मला. वहिनीचा चेहरा बघण्यासारखा! घरी पोचल्यावर दादासमोर म्हणते कशी, "वन्सं, आपल्या घरात मी एकटीच अहो म्हणते असं वाटत होतं." दादा पेपरात तोंड खुपसून खुदूखुदू. लाज नाही दोघांना.

मी ताट आपटलं. पण हसू दाबता दाबता ठसका लागला.

१२ मार्च

मखमल बसली. कोपरे असे धरलेत की सुरकुती शोधून दाखवा! फोम आधी जाड घातला होता, मास्तरांनी गिटार आणून ठेवली तर झाकण बसेना. पहिल्यांदा गिटार बघितली. पोटाकडे रंग उडालेला, बोटं फिरून फिरून. म्हणाले, काही वाजवू? म्हटलं, गिऱ्हाईक येतील. वाजवलं. गिऱ्हाईक आलंच नाही कुणी.

फोम उद्या बदलते, मी म्हणाले. उद्या म्हणजे परवा.

१४ मार्च

मी खोटं बोलले. खटके मिळत नाहीत म्हणाले, बाजारात विचारलंय म्हणाले. खटके खणात पडलेत. चार! बाबांच्या वेळचे, पितळी, रॉकेलनं घासून चकचकीत केलेले. मास्तर म्हणाले, असू दे, मी उद्या येऊन विचारीन. परवाही विचारीन.

बाबा असते तर माझा कान पिळला असता. विनाकारण कुणाचं सामान अडकवलं नाही त्यांनी कधी. मला मात्र खण उघडवत नाही.

वीस तारखेला त्यांनी जाऊ नये असं वाटतंय. लिहून टाकलं. झालं.

१७ मार्च, सोमवार

मास्तर बोलता बोलता म्हणाले, मुलानं त्यांच्यासाठी खोली रंगवलीय. रविवारी सुट्टी असताना स्वतः शिडीवर चढून. रंग कोणता हवा म्हणून तीन वेळा फोन केला. पोरगं बापासाठी शिडीवर चढतंय आणि मी खटके दडवून बसलेय!

ते गेल्यावर खण उघडला. जाड फोम काढून पातळ घातला, तीन खटके बसवले, रिबेटा ठोकल्या, बिजागऱ्यांना मशीनचं तेल सोडलं. राहिली मूठ. दोन सुया, मेणाचा दोरा, दाभणानं एकेक भोक पाडून दुहेरी टाके घातले. त्या मुठीला धरून मला उचललं असतं तरी टाका ढिला झाला नसता. दुकान बंद करायच्या आत सगळं पुरं. एवढ्या झपाट्यानं काम केलं की घामानं डोळे चुरचुरत होते. की रडत होते कोण जाणे. नाही, रडले नाही.

१८ मार्च

दिली.

मास्तरांनी खटके एकेक उघडून मिटले. टक, टक, टक. म्हणाले, "मिळाले वाटतं खटके." म्हटलं, मिळाले. मग मी झाकण पुन्हा एकदा पुसलं. मी म्हणाले, गाडीत वर ठेवू नका, पायाशी घ्या. ते म्हणाले, बरं. पायरी उतरले, वळले, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात इस्त्रीवाली मधे तडमडली, मास्तर, परवाची निघायची तयारी झाली का! झाली म्हणाले आणि गेले.

दुकान केवढं मोठं दिसतंय. दिवसभरात पाच दप्तरं उरकली. प्रत्येकाशी गोड बोलले. लोक घाबरले.

१९ मार्च, बुधवार

सकाळी दुकान उघडतेय तोच मास्तर पायरीवर. पेटी काखेत, मूठ हातात. म्हणाले, तुटली बघा, दोरा कच्चा असावा.

माझा दोरा कच्चा! मूठ उजेडात धरली. ओढ बसून दोरा तुटला की त्याचं टोक पिंजारतं. इथं आठच्या आठ टाके सरळ, साफ.

विचारलं, कशानं कापलंत?

मास्तर खाली बघत उभे. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण वाळलेला.

म्हणाले, "दाढीच्या ब्लेडनं."