उशिराची ठिणगी

प्रिय मेव्हण्या,

पत्रात तू माझ्या बोटीला 'ते फळकूट' म्हणालास, तेव्हा त्या फळकुटात माझ्या हातचं काय काय आहे ते आधी ऐकून घे. तळाच्या फळ्या मी बसवल्या, एकेक वाफेवर वाकवून. इंजिनाखालचा लाकडी पाया माझा. शाफ्टच्या बेअरिंगचं पितळ मी स्वतः ओतलं, शेडच्या मागे, आणि दोन्ही भुवया जाळून घेतल्या. पेट्रोलची टाकी, तिचं झाकण, एक्झॉस्टचा वाकडा पाइप, सुकाणूचं चाक, बसायची बाकं आणि बाकांखालचे कप्पे, सगळं माझं. इंजिन मात्र माझं नाही. ते आपण दोघांनी भंगारातून ओढत आणलं, आणि त्यातला अर्धा घाम तुझा होता हे मी कधी नाकारलेलं नाही. पण त्या गंजलेल्या गोळ्यात जीव घातला तो मी, कुठल्या शाळेत न जाता, कुणाच्या हाताखाली न शिकता. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहे. तू मला आजचा ओळखत नाहीस.

पत्राचा राग आला नाही. तुझ्या गावातली ती विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी संस्था चांगलीच असणार. बागेचा फोटो पाहिला, उन्हात ओळीनं मांडलेल्या खुर्च्या पाहिल्या. बोट विकायची, त्या पैशात तुझ्या बहिणीला तिथे ठेवायचं, तू रोज संध्याकाळी जाऊन भेटणार, आणि मीही हवं तर जवळपास खोली घ्यायची. तुझं म्हणणं वेडगळ नाही. ती माझी बायको व्हायच्या आधी तुझी बहीण होती, आणि तू माझा मेव्हणा व्हायच्या आधी दोस्त होतास, त्यामुळे तुझ्यावर दुहेरी रागवायला हवं होतं. पण जमलं नाही. हो म्हणायलाही जमलं नाही. का, ते लिहायला बसलो आहे. मला पाना धरून सांगता येतं, पेन धरून जरा वेळ लागतो.

आधी तिची खबर. जेवते बरी. झोप तुकड्यातुकड्यांत. बहुतेक सकाळी मी तिच्या लेखी घरात दुरुस्तीला आलेला माणूस असतो. अदबीनं वागते माझ्याशी. मागच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातला नळ खरंच उघडून बसलो होतो, तर पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, 'तुमचं काम चोख आहे हो, आमच्या ह्यांना असं काही जमत नाही.' अख्ख्या संसारात मला मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि तीही अशी. मी म्हटलं, 'असतात काही नवरे असे.' ती हसली. पूर्वी हसायची तशीच, मान मागे टाकून. तेव्हा वाटलं की रोज एक नळ उघडावा.

आणि कधी कधी, दिवस चांगला असेल तर, माझी बढती होते आणि मी 'दादा' होतो. म्हणजे तू. हे कधीपासून सुरू झालं तेच मुख्य सांगायचं आहे, पण त्यासाठी टायमिंगचं थोडं सांगावं लागेल. तोंड वाकडं करू नकोस, तुला यातलं अर्धं येतं.

पिस्टन वर चढत असताना, तो अगदी माथ्यावर पोचायच्या किंचित आधी प्लगमध्ये ठिणगी पडायला हवी. म्हणजे पेट्रोल पेटेपर्यंत पिस्टन माथा ओलांडतो आणि त्याच्या पाठीवर नेमका रेटा बसतो. ठिणगी उशिरा पडली तरी इंजिन चालतं, पण अनिच्छेनं. आवाज जड होतो, खोल जातो, आणि वेग कमी केला की मध्येच एक धप् असा आवाज येतो, घरात कुणी पोतं टाकल्यासारखा. माथा कुठे, हे कळायला फ्लायव्हीलवर खूण लागते. आपल्या भंगारातल्या चाकावर ती नव्हती. प्लगच्या भोकातून मी तार सोडली, तू चाक फिरवत राहिलास, तार वर यायची थांबली असं वाटलं तिथे मी छिन्नीनं रेघ मारली. मारली ती चुकीची. पिस्टन माथ्यावर गेला की चाक फिरत असूनही क्षणभर तिथेच रेंगाळतो, तार हलतच नाही. मी त्या रेंगाळण्याच्या शेवटाला रेघ मारली होती. हे पुढे कित्येक वर्षांनी माझं मलाच उमगलं. आधी एका बाजूनं फिरवून पिस्टन अडवायचा, मग दुसऱ्या बाजूनं, आणि दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये माथा. तशी मी नवी रेघ मारली, तिच्यात पांढरा रंग भरला, आणि दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही इतका खूश होतो.

पण त्या आधीची जी वर्षं, चुकीच्या रेघेची, तीच नेमकी मी नदी ओलांडून तुमच्या धक्क्यावर येत होतो ती वर्षं. निमित्त तुझं असायचं. तुझ्या आईला वाटायचं, पोरं इंजिनाच्या नादाला लागली आहेत. नदीवर तेव्हा बोटी काय कमी होत्या? पण तूच मला सांगितलं होतंस की तुझी बहीण हातातलं टाकून उठते ती आपल्याच बोटीला, इतर कुठल्या नाही. मी ते माझं कौतुक समजलो. लग्नानंतर टायमिंग सुधारलं, इंजिन लोण्यासारखं चालायला लागलं, तेव्हा तिला मुद्दाम ऐकायला नेलं. तिनं मन लावून ऐकलं, 'छान झालंय' म्हणाली, आणि मग हळूच म्हणाली, 'आता तुम्ही आलात ते मला कळायचं नाही.' मी तिला पांढरी रेघ दाखवत बसलो.

आता या मोसमाचं. तिला घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून शेडवर घेऊन जातो. धक्क्यावरच्या बाकावर बसवतो, अंगावर शाल, हातात कापसाचा बोळा किंवा रिकामं डबडं, काहीतरी चाळा. बोट आता तिच्या ओळखीची नाही. पाण्यात हलते म्हणून तिला बोटीची भीतीच वाटते. एक दिवस मी ठिणगीची वेळ ठरवणारा तो डिस्ट्रिब्युटर काढून त्यातले पॉइंट बदलले, परत बसवताना अंदाजानं बसवला. आधी चालू करायचं आणि मग फिरत्या चाकावर टायमिंग लाइट मारून, रेघ बघत नेमकं जुळवायचं, ही माझी नेहमीची रीत. चालू केलं. इंजिन जड बोललं, खोल. वेग उतरवला तर धप्. माझ्या तोंडून शिवी गेली आणि मी लाइटकडे हात नेला, तेवढ्यात वरून तिचा आवाज आला. मऊ, घाईचा, मी विसरून गेलेला. 'दादा, आला बघ तो. आईला नको सांगूस.'

आणि मी काय केलं असेन? हातांनी सवयीनं आपलं काम केलं. डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, पांढरी रेघ जागेवर आली, आवाज सरळ झाला. मान वर करून पाहिलं, तर ती शालीच्या दशा ओढत बसली होती. चेहऱ्यावर काही नाही. मी परत फिरवला मागे. लाइट मारून त्या जुन्या रेघेवर आणला, गंज खरवडून ती शोधली, अगदी नेमका आणला. चूक करायची तर ती तरी बरोबर करावी. आणि ती बाकावरून उठून उभी राहिली होती, पाण्याकडे बघत, केस कानामागे सारत.

तेव्हापासून रोज दुपारी इंजिन चालू करतो, बोट बांधलेलीच, आणि वर जाऊन तिच्या शेजारी बसतो. तुझ्या जागी. ती मला त्याच्याबद्दल सांगते. त्याचे हात कितीही घासले तरी काळेच. समोर कुणीही असो, शिकवायलाच लागतो. त्याला हसता येत नाही, म्हणून आपण जास्त हसायचं असं तिनं ठरवलं आहे. एकदा म्हणाली, 'दादा, तो विचारायला घाबरतोय, तूच सांग ना त्याला, माझं हो आहे म्हणून.' हे ती तुझ्याशी खरंच बोलली होती का रे? आणि तू मला कधी सांगितलं नाहीस, गधड्या? मी वर्षभर तुमच्या दारात घाम पुसत उभा राहिलो. मग ती विचारते, 'वर येईल ना तो?' मी म्हणतो, 'येतोय, बोट बांधतोय.' इंजिन तापायला लागलं की बंद करावंच लागतं. आवाज थांबला की थोडा वेळ ती वाट बघते, नंतर कशाची बघत होती ते विसरते. त्या मधल्या वेळात मी दुसरीकडे बघतो.

असं चालवलं तर एक्झॉस्ट वॉल्व्ह जळतात, हे मला सांगायला नको. पाइप लालबुंद व्हायला लागला आहे. इंजिन फार तर हा मोसम काढेल. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आवाजाची ओळखही जाईल, कधी ते सांगता येत नाही. दोघांपैकी आधी कोण, एवढंच आता बघायचं.

बोट विकत घ्यायला तू पाठवलेला माणूस येऊन गेला. माणूस वाईट नाही. बोटीवरून हात फिरवला, फळ्यांचे सांधे बघून 'वा' म्हणाला. सोबत स्वतःचा मेकॅनिक आणला होता, एक पोरगा. इंजिन चालू केल्यावर त्यानं मान तिरकी केली, लाइट मारला, आणि धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून विचारलं, 'काका, हे टायमिंग कुणी लावलं? डोळे बांधून लावलं का?' पोराचं काही चुकलं नव्हतं. तुला ठाऊक आहे, या धक्क्यावर माझ्या कामाला नाव ठेवायची कुणाची हिंमत झालेली नाही. मी फडक्याला हात पुसले आणि म्हटलं, 'मीच लावलं. आता दिसत नाही पूर्वीसारखं.' कोळी, रंगारी, सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मग शहाण्यासारखे दुसरीकडे बघायला लागले. तो म्हणाला, आत्ता सरळ करून देतो, दोन मिनिटांचं काम. नटावर पाना लावलादेखील. मी त्याचं मनगट धरलं. जरा जोरात धरलं असेन, त्याची माफी तुझ्या माणसाकरवी पोचव. ती वर बाकावर बसून ऐकत होती.

आता तुला पत्र कशासाठी, ते. मी बाकावर बसलो की बोटीत कुणी नसतं, आणि बोटीत बसलो की तिच्याजवळ दादा नसतो. एकट्याला दोन्ही जमत नाही, पुष्कळ डोकं लावून पाहिलं. तू ये. राहू नकोस हवं तर, एक दुपार ये. तू तिच्या शेजारी बस, आणि मी बोट सोडून पलीकडे जातो आणि तिथून परत येतो, त्याच जुन्या रेघेवर, सावकाश, तिला लांबून ऐकू येईल असा. धक्क्याला लागलो की तू नुसतं म्हण, 'आला.' मग मी वर येईन. हात धुऊन येणार नाही. त्यानंतर संस्थेचं काय ते बोलू, तू म्हणशील तसं करायलाही मी तयार आहे. पण बोटीचं नाही. तो पोरगा टायमिंग सरळ करणार आणि बोट त्याच संध्याकाळी घेऊन जाणार, असं ठरत होतं. हे तुला तुझ्या माणसाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. मी नको म्हणालो. तो साडेचार लाख देत होता.

तुझाच,
मिस्त्री