भगवती, गौरजा, यशोदा

२ नोव्हेंबर २००९
देवबागेत सासर, मालवणात नोकरी. आई म्हणते, पोरीनं नशीब काढलं. मच्छीमार सोसायटीचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटी. एका मोठ्या मशीनच्या पोटात तीन कॉम्प्युटर चालतात, एकेका होडीचा एकेक. भगवती, गौरजा, आणि यशोदा. यशोदेचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, माझाच नवरा, प्रितेश.
जुने गुरुदासकाका कामं सोपवून गेले. मशीनपुढे नारळ ठेवून दर सोमवारी गाऱ्हाणं घालायचे म्हणे! जाताना बजावलं, 'मोठ्या मशीनीर अँटिव्हायरस घालू नको गो. तेका राखणदार आसा.' घालायचाच तर आतल्या तिघांत घाल, म्हणाले. मला हसू आवरेना.

३ नोव्हेंबर
मोठ्या मशीनवरच घातला. दारावर पहारा असला की खोल्यांत कशाला? तपासणी रोज दुपारी बाराला. नारळ खिडकीत ठेवला.

५ नोव्हेंबर
बारा वाजता अँटिव्हायरसने 'भगवती'ची अख्खी फाइल व्हायरस समजून कोंडली. माझीच चूक, सोडवते म्हटलं. सोडवली तर आत काही नाही.
संध्याकाळी भगवती परतली नाही. सात माणसं.

६ नोव्हेंबर
अँटिव्हायरस काढून टाकला. पुन्हा आला. मशीन बंद केलं, आपणहून चालू झालं. काकांना फोन केला, ते नुसते रडले.
पडद्यावर उद्याचं नाव आहे, गौरजा. परवाचं, यशोदा. खाली एक यादी, 'यांना हात लावू नये'. एकच नाव घेते, मग बंद होते.
गौरजेचा तांडेल लवू. त्याची बायको राधाबाई सकाळीच मला खाडीतल्या तिसऱ्यांचं कालवण देऊन गेली.
मी यशोदा लिहिलं. माझा नवरा आहे. कोणाला सांगितलं नाही.

७ नोव्हेंबर, ११.४०
होडी हरवली की गावातल्या सगळ्या होड्या शोधाला निघतात, ही इथली रीत. दोन्ही गेल्यात. राधाबाई माझ्याशेजारी बसलीय, माझा हात धरून. मी तिच्याकडे बघत नाही.

११.५१
वायरलेसवर यशोदा. पण आवाज लवूचा.
गौरजेचं इंजिन वाटेत बंद पडलं. इंजिनातलं कळतं ते प्रितेशला, म्हणून तो गौरजेवर चढला. लवूला आणि त्याच्या माणसांना यशोदेवर पाठवलं —
राधाबाई देवाला हात जोडतेय. हसतेय.

११.५७
यादीतलं नाव बदलत नाही. खोडलं, खोडलं जात नाही — नारळ आणला, गाऱ्हाणं येत नाही मला, काय म्हणायचं असतं —

११.५९
गौरजेवरून प्रितेश. इंजिन चालू झालं म्हणतो, खूश आहे. विचारतोय, आज जेवाक काय केलंस —
मी सांगतेय, तिसऱ्यांचं काल