कारण: या नावाची व्यक्ती येथे नाही

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा चार पोती! सगळी पत्रं एकाच बाईच्या नावानं — माझ्या नणंदेच्या, ताईंच्या. पत्ता: मध्यवर्ती तुरुंग, महिला विभाग. तिकिटांवर जहाजं, पक्षी, कुठकुठल्या राण्या. आमची संघटना बंद पाडली आणि सचिवबाईंना, म्हणजे ताईंनाच, पोस्टाच्या तीन नंबरच्या खिडकीवरून उचलून नेलं, हे परदेशातल्या टपाल कामगारांना कुणी सांगितलं कोण जाणे! चालू रांगेसमोरून नेलं. एक आजोबा पावती धरून तसेच उभे राहिले होते.

पाच महिने झाले. ना भेट, ना चिठ्ठी. संघटनेच्या ज्या बाकीच्या सात जणांना नेलं, त्यांचंही तेच. तुरुंगाच्या दारात गेलं की 'वरून हुकूम नाही.' जिवंत आहेत एवढं तरी सांगा म्हटलं, तर शिपाई स्वतःची नखं बघत बसला.

आणि पत्रं? तुरुंग घेत नाही, आमचे मोठे साहेब परत पाठवत नाहीत. मागच्या कोठीत रचून ठेवलीत. वीस वर्षं पत्रछाटणीच्या टेबलाशी उभी आहे मी. अडवून ठेवलेलं टपाल बघितलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

४ मार्च

सासूबाई रोज विचारतात, "काय कळलं?" आज विचारलंच नाही. ते जास्त लागलं.

खरं सांगायचं तर ताईंचं आणि माझं कधी पटलं नाही. माझा चहा म्हणजे 'गरम पाणी.' सभेला मी जायचे ती घरात कटकट नको म्हणून, आणि मागच्या बाकावर बसून भाजी निवडायचे. पण भांडायला तरी माणूस घरात हवं ना!

७ मार्च, शुक्रवार

परदेशी कामगार संघटनांचं शिष्टमंडळ येणार! तुरुंग बघणार, कचेऱ्या बघणार. तोवर व्यापाराचा करार अडलाय म्हणे. मोठे साहेब सकाळपासून घामाघूम. कोठीत सदतीस पोती!

"ती आजच्या आज नाहीशी करा."

"नाहीशी म्हणजे?"

"परत पाठवा, जाळा, काहीही करा!"

"जाळता येत नाही, साहेब. परत पाठवायची तर कारण लागतं. लेखी."

पोती उचलणारे काका मागे खोकले. ते हसू आलं की खोकतात.

कारणांचा छापील कागद असतो आमच्याकडे — पत्ता अपुरा, घेण्यास नकार, मयत, या नावाची व्यक्ती येथे नाही. 'नकार'ला घेणाऱ्याची सही लागते, ती आणणार कुठून? 'मयत'वर साहेबांचं पेन थांबलं. यांना काही माहीत आहे का? तोंडाकडे निरखून बघितलं. नव्हतं. भित्रा माणूस आहे, दुष्ट नाही. शेवटच्या कारणावर खूण केली, सही ठोकली, पळाले.

सरकारी कागद, सरकारी सही — ताई तुरुंगात नाहीत! मग आहेत कुठे? मी कशाला विचारू? सदतीस पोती विचारतील.

८ मार्च

दिवसभर शिक्के. कारणाचा एक, तारखेचा एक. तारीख स्पष्ट उमटली पाहिजे — नियम म्हणजे नियम! चौदा जण होतो. संघटना बंद झाल्यापासून मान वर न करणारी खिडकी पाचवालीसुद्धा बाह्या सावरून आली. काकांना म्हटलं, नोकरी गेली तर? म्हणाले, "पाठ तर केव्हाच गेलीये."

९ मार्च

हात सुजलेत. झोप मात्र छान लागली.

२६ मार्च, बुधवार

लागलं! बरोबर जागी लागलं! रेडिओ म्हणतो, तिकडच्या कामगारांनी परत आलेली पत्रं आमच्या वकिलातीच्या दारात ओतली. विचारलं, तुमच्याच टपालखात्याचा शिक्का आहे, बाई तुरुंगात नाही, मग बाईचं केलंत काय? दोन बंदरांत आमच्या देशाचा माल उतरवून घेत नाहीत. नवरा एरवी तोंडातून शब्द काढत नाही. आज उठला आणि रेडिओचा आवाज पूर्ण वाढवला.

मोठ्या साहेबांनी बोलावलं. "तुम्ही मला फसवलंत!" मी म्हटलं, "मी नुसता नियम सांगितला, साहेब."

४ एप्रिल, शुक्रवार

भेट झाली.

मंत्र्यांना कबूल करावं लागलं, की बाई आमच्याकडेच आहे. मग दाखवावीही लागली. घरातलं एक माणूस, दहा मिनिटं, बाईच हवी. सासूबाईंना जिने चढवत नाहीत, म्हणून मी.

केस कापलेले. पुढचा दात नाही. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, रडले. ताईंचं पहिलं वाक्य — "मोठ्यानं बोल गं, डाव्या कानानं ऐकू येत नाही मला."

मारलंय त्यांना. इथे लिहून ठेवते, म्हणजे कुणी नाही म्हणायला नको.

तुमच्या लोकांनी माफीनामे दिले, तुम्हाला कुत्रंही विचारत नाही, असं ताईंना इतके महिने सांगत होते. मी सदतीस पोत्यांचं सांगितलं. जाळी घट्ट धरून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सोडताहेत. संघटना सोडते म्हणून सही दिली तर. एकटीला."

"द्या ना मग!"

"आठ जण आत आलो. आठ जण बाहेर येऊ."

"ताई, आई डोळे लावून बसल्यात!"

"आईला असंच सांग. तिला कळेल."

रस्ताभर चडफडत आले. हट्टी बाई! जन्मभर आपलंच खरं! घरी पाऊल टाकलं तर सासूबाईंनी आधी विचारलं, "सही नाही ना केली तिनं?"

"नाही."

"बरं केलं." आणि भिंतीकडे तोंड करून रडत राहिल्या. मी त्यांच्या पाठीशी बसले.

५ एप्रिल

शिष्टमंडळ कचेरीत आलं. साहेब त्यांना नवी खुर्ची, नवं घड्याळ दाखवत होते. मी मधेच जाऊन कागद दिला — आठ जणांची नावं, कोणाला कधी, कुठून नेलं. ताईंच्या कानाचंही. खाली माझी सही. रात्री नवरा म्हणाला, सही तरी करायची नव्हतीस. मी म्हटलं, निनावी कागदाला कोण विचारतं! आम्ही रोज केरात टाकतो.

१९ एप्रिल, शनिवार

सुटले! आठही! सहीशिवाय!

आठांतल्या आमच्या तारवाल्याला उभं राहता येत नव्हतं. काकांनी त्याला पाठीवर घेऊन घरापर्यंत नेलं. वाटेत कुणालाही हात लावू दिला नाही.

ताई आल्या, आईंच्या कुशीत शिरल्या. मी चहा केला. दोन कप प्यायल्या, 'गरम पाणी' म्हणाल्या नाहीत. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

२१ एप्रिल, सोमवार

दारात गाडी. तीन माणसं. सरकारी शिक्क्याचा गैरवापर, म्हणे. कपडे घ्यायला पाच मिनिटं दिलीत, त्यातली दोन इथे. ताई दार अडवून वॉरंट मागताहेत, गल्लीभर ऐकू जातंय. वही सासूबाईंकडे देतेय. तुरुंगाचा पत्ता ताईंना पाठच आहे. पाकिटावर माझं नाव पूर्ण लिहायचं, अक्षर सुवाच्य काढायचं, एवढं बजावलंय.