सहा प्रश्न आणि करंगळी

बुलाओन, ३ मार्च

ती. मनांग,

सा. न. वि. वि. साखर जरा चढलीय, बाकी तुझी धाकटी बहीण ठणठणीत.

आमच्या दवाखान्यात नवा फॉर्म आलाय. डॉक्टरांना भेटून बाहेर पडलं की नर्स सहा प्रश्नांचा कागद देते. आजच्या भेटीने आजार जास्त समजला का, स्वतःची काळजी स्वतः घेऊ शकाल का, असे. उत्तरं तीनच : पुष्कळ, थोडं, नाही. डॉक्टर हामांद्रे अगदी काटकुळे गं, दुपारी उभ्यानेच भात खातात. मी सहाही ठिकाणी ‘पुष्कळ’वर खूण केली. सगळेच करतात. बिशपनी पाठवलेल्या बुरसट बिस्किटांबद्दलसुद्धा शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी आपल्याकडून आभारपत्रं लिहून घेतली होती, आठवतं?

पायाच्या करंगळीला फोड आलाय. तो दाखवला नाही. बाहेर तीस माणसं ताटकळत होती.

लोभ आहेच, आंब्याच्या मोसमात वाढव.

तुझी लोलेंग

बाकोलोद, १२ मार्च

चि. लोलेंगला अ. आ.

इंदाय, अगं धाकटे, तू डॉक्टरकडे दुखणं घेऊन गेलीस की त्याचं मन सांभाळायला? चार वर्षं साखर आहे, आणि आजार काय समजला म्हणून विचारलं तर सांगशील, गोळी गुलाबी असते! आमच्या ह्यांचंही बोटापासूनच सुरू झालं होतं, विसरलीस? उद्याच जा, चप्पल काढ आणि पाय त्यांच्या टेबलावर ठेव. लाज मागाहून वाटून घे.

रागावलेय, पण लोभ तेवढाच.

मनांग यूफेमिया

बुलाओन, २ एप्रिल

ती. मनांग, सा. न.

गेले होते गं, पण दवाखान्यात बँड वाजत होता. त्या सहा प्रश्नांच्या कागदांत आम्ही साऱ्या बेटात पहिले आलो! वरून आलेले साहेब म्हणाले, इथली माणसं स्वतःची काळजी घ्यायला पुरती समर्थ झालीत, तेव्हा डॉक्टरांना आता जास्त गरज असेल तिथे पाठवतो. आम्ही टाळ्या वाजवल्या. अर्थ नंतर लक्षात आला. आता डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा. शेजारच्या गावाने खरं लिहिलं होतं, त्यांना दोन डॉक्टर मिळाले. मला तर सर्वांत समर्थ पेशंट म्हणून फीत लावली. तेव्हाच पाय दाखवणार होते, पण पान्सितच्या शेवया वाढायला घेतल्या होत्या, सगळ्यांच्या जेवणात कुठे पाय पुढे करायचा?

करंगळी काळी पडलीय. दुखत नाही, तेवढं बरं.

तुझी लोलेंग

बाकोलोद, ८ एप्रिल

इंदाय, दुखत नाही हेच वाईट. शुक्रवारच्या लाँचने येतेय. सामान बांधून ठेव, इलोइलोच्या इस्पितळात जायचंय.

मनांग

इलोइलो, २४ एप्रिल

ती. मनांग, सा. न. वि. वि.

तू परत गेलीस त्याच दुपारी मला घरी सोडायचं ठरलं. डॉक्टरीणबाई दोन मिनिटं बोलून निघाल्या, आणि नर्सने पुढे केले तेच सहा प्रश्न! मी करंगळीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा सहाही ठिकाणी ‘नाही’वर खूण केली. नर्सचा चेहरा पडला. ती कागद घेऊन धावली. बाई परत आल्या, स्टूल ओढून बसल्या. माझ्याच हाती आरसा देऊन तळवा कसा बघायचा, सुन्न जागा कशी ओळखायची, ते शिकवलं. अर्धा तास, मनांग! उरलेली नऊ बोटं माझी मी तपासली.

उद्धटपणाची मात्र अजून लाज वाटते. बाईंना माझ्या नावाने टोपलीभर आंबे पाठव. मी चाखणार नाही, शपथ.

पायाचं एक बोट कमी झालं तरी लोभ पुरता असू दे.

तुझी लोलेंग